चावी काढल्यानंतरची दोन मिनिटं

मी एका ट्रकचा गिअरबॉक्स बोलतोय. बोलतोय म्हणजे तक्रार करतोय. मला तोंड नाही, म्हणून ज्यांना तोंड आहे त्यांनी इतके दिवस माझ्याबद्दल हवं ते बोलून घेतलं. एका कागदावर माझ्यापुढे 'निकामी' असं लिहिलं आणि त्याच कागदावर, दोन ओळी खाली, एका बाईच्या नावापुढे 'निष्काळजी'. दोन्ही शब्द खोटे आहेत. उद्या मला भट्टीला नेणार आहेत, तेव्हा खरं सांगायला माझ्याकडे आजची रात्रच उरलीय.

सध्या मी काचेच्या कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये एका लाकडी चौकटीवर आडवा पडलोय. पोटातलं ऑइल काढून घेतलंय. जिथून काढलं त्या भोकात कुणीतरी जुन्या बनियनचा बोळा कोंबलाय. शेजारी फुटक्या काचांचं पिंप आहे. एका बाजूला उघडं आवार, थेट गेटापर्यंत दिसतं; समोर भिंत, आणि भिंतीपलीकडे पॅकिंगचं खातं. तिथून दिवसभर कागद फाडल्याचा आवाज येतो. पाचसहा जणी एकाच वेळी कागद फाडत असतात, पण त्यातला एक आवाज मला वेगळा ओळखू येतो. त्या बाईबद्दलच सांगायचंय.

माझा जन्म एका लांबलचक हॉलमध्ये झाला. पांढरे दिवे, पांढरी जमीन, हातमोजे घातलेली माणसं. माझ्या पोटात पातळ गोल चकत्यांच्या चळती रचल्या गेल्या. जाड चष्म्याची एक बाई प्रत्येक चळत मोजून मगच पुढे सरकवायची. मोजताना तिचे ओठ हलायचे. मधेच शेजारणीने तिला काहीतरी विचारलं, तर म्हणाली, "थांब गं, चुकेन मी," आणि पुन्हा पहिल्या चकतीपासून मोजायला लागली. मागे माणसं खोळंबली होती, पण कुणी तिच्यावर खेकसलं नाही. जग असंच असतं अशी माझी समजूत झाली. ती पुढे फार महागात पडली.

मी ऑटोमॅटिक आहे. म्हणजे ड्रायव्हरला क्लच दाबावा लागत नाही, दांडा ओढावा लागत नाही. पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात मी माझा मी जातो. चकत्यांची एक चळत सोडायची आणि त्याच क्षणी दुसरी धरायची, एवढंच माझं काम. लवकर धरली तर झटका बसतो, उशिरा धरली तर गाडी घसरते. केव्हा धरायची, किती दाबाने धरायची, हे गणित केबिनमधल्या एका काळ्या डबीत असतं. ती माझी स्मरणशक्ती.

ही डबी शिकते. चकत्या झिजतात, ड्रायव्हर बदलतो, रस्ते बदलतात, तसं ती रोज थोडं थोडं गणित सुधारून घेते. संध्याकाळी गाडी उभी राहिली आणि चावी काढली, की दिवसभरात शिकलेलं सगळं ती लिहून ठेवते. त्याला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांत तिला बॅटरीची वीज लागते. माझ्या कहाणीत यंत्राची म्हणून समजून घ्यायची गोष्ट एवढीच. बाकी सगळा माणसांचा कारभार आहे.

काचेच्या कारखान्याने ट्रक घेतला तेव्हा त्यावर पहिला ड्रायव्हर बसला तो 'सरकार'. खरं नाव कुणी घेत नसे. तो मागे-पुढे न बघता गाडी काढायचा, रस्ता आपल्या आजोबांनी बांधल्यासारखा. ब्रेकवर त्याचा पाय पडला की मागच्या काचा कुरकुरायच्या. तरी सहा वर्षांत त्याच्याबद्दल कुणी एक ओळ लिहिली नाही. काच फुटली की म्हणायचे, रस्ता खराब होता.

सरकार निवृत्त झाला आणि ताई आली.

ताईला सगळेच ताई म्हणत, तिच्याहून वयाने मोठेसुद्धा. ती नऊ वर्षं पॅकिंग खात्यात होती. काचेच्या प्रत्येक दोन ताव्यांमध्ये, म्हणजे मोठ्या सपाट तक्त्यांमध्ये, कागद घालायचा, कडांना रबरी पट्टी लावायची. दोन्ही हातांवर बारीक पांढऱ्या रेघा. तिचे वडील ट्रक चालवायचे आणि सुट्टीच्या दिवशी रिकाम्या मैदानात त्यांनी तिला शिकवलं होतं. परवाना काढून तिने अर्ज दिला, तेव्हा मॅनेजर साहेब म्हणाले, "बघू." मग ती दर वर्षी अर्ज देत राहिली आणि साहेब दर वर्षी बघत राहिले. पाचव्या अर्जाला दुसरा कुणी ड्रायव्हर मिळेना, म्हणून तिला चाक मिळालं.

पहिल्या दिवशी ती केबिनमध्ये चढली, सीट पुढे ओढली आणि बराच वेळ चाकावर नुसते हात ठेवून बसली. मागे काचेचे मोठमोठे तावे तिरक्या लोखंडी चौकटींना टेकून उभे होते. ते तिनेच गुंडाळलेले होते. स्वतः बांधलेलं स्वतः न्यायचं, तर पाय कसा पडेल? मला महिनाभरात तिचा पाय पाठ झाला. पॅडलवर ती असा भार टाकायची, जसं झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण टाकतात. चढ आला की जरा आधी, उतार आला की सोडून. मी तिसऱ्यातून चौथ्यात गेलो हे तिलासुद्धा कळायचं नाही. तीन वर्षांत आमच्या गाडीवर एक तावा तडकला नाही. ही गोष्ट कुणी कुठे लिहिली नाही. नीट चाललेल्या गोष्टींना कारखान्यात रकानाच नव्हता.

मग आवारात आग लागली.

उभ्या असलेल्या एका दुसऱ्या ट्रकमध्ये वायर जळाली आणि केबिनने पेट घेतला. गेटवर चौकीदार मामा होते. साठीला आलेले, बुटके, बोलायला मोजके. ते वाळूची बादली घेऊन धावले, दार उघडायला गेले आणि तापलेल्या मुठीला त्यांचे दोन्ही तळवे चिकटले. आग विझली. मामांच्या हातांची कातडी पुढे कधी पहिल्यासारखी झाली नाही. पेन धरतानाही ते बोटं आखडून धरत.

त्यानंतर साहेबांनी एक नियम तयार केला आणि वरच्या ऑफिसकडून मंजूर करून आणला. इंजिन बंद होताच, तत्क्षणी, पायरीजवळचा बॅटरीचा मेन स्विच बंद करायचा. गाडीत वीजच नाही म्हणजे आगही नाही. नियमाचा छापील कागद प्लास्टिकमध्ये घालून प्रत्येक केबिनमध्ये चिकटवला. गेटवर एक रजिस्टर आलं. रकाने चार: गाडी, इंजिन बंदची वेळ, स्विच बंदची वेळ, आणि शेवटचा रकाना, कारण. ते भरायचं काम मामांना दिलं.

मामांइतक्या मनापासून तो नियम कुणीच पाळला नसेल. गाडी आत वळली की ते पायरीजवळ येऊन उभे राहायचे. ताईने चावी फिरवली की त्यांचा हात स्विचवर. खट्. मग खिशातलं घड्याळ बघून दोन्ही वेळा लिहायचे. दोन्ही रकान्यांत एकच वेळ. चौथा रकाना कोराच राहायचा. तिथे काय लिहायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगितलेलं लिहिणारे ते नव्हते.

आणि मी रोज संध्याकाळी विसरायला लागलो.

हे कसं वाटतं ते सांगणं कठीण आहे. माझं लोखंड काही विसरत नाही, कोणती चकती किती झिजली हे मला आतून ठाऊक असतं. विसरते ती डबी. दिवसभर ती शिकायची, आणि लिहायला बसली की पहिल्याच अक्षराला दिवे जायचे. अर्धवट लिहिलेलं ती रद्द समजायची, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याकडे जन्माच्या हॉलमधून निघालेल्या कोऱ्या गिअरबॉक्सचं गणित, आणि इथे मी, दहा वर्षं झिजलेला. ती म्हणायची, आता धर. मी म्हणायचो, अगं अजून नाही. ती ऐकायची नाही. मी धरायचो आणि गाडी लाथ बसल्यासारखी पुढे उडायची.

पहिल्या सकाळी ताईने गाडी बाजूला घेतली, उतरून मागे गेली आणि काचांवरून हात फिरवला. परत येऊन गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवून म्हणाली, "काय झालं रे तुला?"

मला सांगता आलं नाही. मी एवढंच करू शकत होतो, की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पुन्हा तसाच झटका देईन. तो मी दिला. माझ्या बोलीत तो हंबरडा होता. तिच्या कानाला तो बिघाड वाटला. साहेबांच्या कानाला तो तिचा पाय वाटला.

त्या आठवड्यात दोन तावे तडकले. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं नाही, आवारातच सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, पाय जरा जड पडतोय का?"

"पाय तोच आहे साहेब. गाडी झटके देतेय."

"तीन वर्षं देत नव्हती."

"तेच म्हणतेय मी. तीन वर्षं देत नव्हती."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांनी टोपण लावलं की विषय संपला असं समजायचं असे. पहिली नोंद झाली. कारखान्याचा नियम असा, की काच फुटल्याच्या किंवा शिस्तभंगाच्या तीन नोंदी झाल्या की ड्रायव्हर चाकावरून खाली. ताईसाठी खाली म्हणजे पुन्हा पॅकिंग. पुन्हा त्या रेघा.

आता मिस्त्रींबद्दल. कारखान्याच्या गाड्या त्यांच्याकडे असत. पोट सुटलेलं, पण खाली सरपटायला पोरांपेक्षा चपळ. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांची सारी उमेद जुन्या हाताच्या गिअरबॉक्समध्ये गेलेली. माझ्याकडे ते असं बघत, जसं एखाद्या फार शिकलेल्या जावयाकडे सासरा बघतो.

त्यांनी माझ्या ऑइलची पट्टी ओढून बघितली. इंजिन चालू, पण मी अजून गार. ऑइल कमी दिसलं, म्हणून दोन लिटर ओतलं. वास्तविक माझं ऑइल बघायचं ते मी पुरता तापल्यावर, कारण तापलं की ऑइल फुगतं. आता पोटात ऑइल जास्त झालं, त्याचा फेस झाला आणि झटके दुप्पट. दोन दिवसांनी त्यांना चूक कळली. जास्तीचं ऑइल काढताना स्वतःशीच म्हणाले, "आयुष्य गेलं, आणि पट्टी बघायला चुकलो." तेवढ्यावरून मी त्यांना माफ केलं. चुकलो म्हणणारा त्या आवारात तो एकच माणूस होता.

पुढे त्यांनी मनापासून शोध घेतला. ऑइल बोटांवर चोळून वास घेतला, जळका वास नव्हता. फिल्टर बदलला. मला चासीवर धरून ठेवणारी रबरं पाहिली, दोन चिरलेली निघाली, ती बदलली. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे जॉइंट हलवून पाहिले. वायरींचे जोड सोडवून पुसले. प्रत्येक वेळी गाडी आवारात एक चक्कर फिरवायची आणि म्हणायचं, "आता बघ ताई, लोणी."

आवारात, रिकामी, दुपारची. तोवर डबीने त्या दिवसापुरतं थोडं शिकून घेतलेलं असायचं. मी खरंच नीट चालायचो. दुसऱ्या सकाळी भरलेली गाडी गेटाबाहेर पडली की पुन्हा लाथ.

शेवटी बाहेरून स्कॅनरवाला बोलावला. त्याने डबीला वायर जोडली, पडद्यावर आकडे धावले. "एकही फॉल्ट नाही," तो म्हणाला.

विसरणं हा त्याच्या यादीत फॉल्टच नव्हता.

साहेब तिथेच उभे होते. "मशीन म्हणतंय गाडी ठीक आहे. मिस्त्री म्हणतायत गाडी ठीक आहे. मग राहिलं कोण?"

मिस्त्री हातातला पाना पुसायला लागले. ताई म्हणाली, "साहेब, तुम्ही एकदा सकाळी माझ्या शेजारी बसा. फक्त पहिल्या चढापर्यंत."

"मला तेवढाच उद्योग आहे का?" टोपण लागलं. त्याच आठवड्यात आणखी एक तावा गेला. दुसरी नोंद झाली. आणि वरच्या ऑफिसला एक पत्र गेलं: गिअरबॉक्स निकामी झाला आहे, तो बदलावा; कारण, चालक निष्काळजी. गिअरबॉक्सला बिघाड नाही हे स्कॅनरने सांगितलं होतं, चालकाला दोष देताना ते धरलं. गिअरबॉक्स बदलायला मागताना तेच सोडून दिलं. एकाच माणसाने, एकाच टेबलावर. विचारणारं कोणी नव्हतं.

ताईच्या घरी तिची मुलगी आणि वडील. वडिलांना आता गुडघे साथ देत नाहीत, पण कान शाबूत. ती फोनवर त्यांना झटक्याचा आवाज काढून दाखवायची, तोंडाने. एकदा ते म्हणाले, "पोरी, गाडी कधी वाईट चालते ते सगळे सांगतात. कधी चांगली चालते ते लिही."

तिने मुलीची अर्धी राहिलेली वही घेतली आणि लिहायला लागली. वही केबिनमधल्या खणात असे. सकाळी, भरलेली, वाईट. संध्याकाळी, रिकामी, बरी. पानंच्या पानं. आणि मधेच एक सकाळ: चांगली. आठ दिवसांनी आणखी एक: चांगली. त्या दोन्ही सकाळींच्या आदल्या संध्याकाळी आम्ही लांबच्या गिऱ्हाईकाकडे मुक्कामाला होतो. तिथे मामा नव्हते. चावी काढून तिने डबा खाल्ला होता, वडिलांशी बोलली होती, आणि मग कधीतरी आठवण झाल्यावर मेन स्विच बंद केला होता.

वही घेऊन ती मिस्त्रींकडे गेली. मिस्त्रींनी पानं चाळली. "म्हणजे हिला माहेरी झोप लागते आणि सासरी लागत नाही, असं म्हणतेस?"

"थट्टा नका करू. तिथे आणि इथे फरक काय, सांगा."

"तिथे मामांचा स्विच नाही," मिस्त्री म्हणाले. मग केबिनमध्ये चढले. नियमाचा प्लास्टिकमधला कागद चाकाच्या वरच्या बाजूला चिकटवलेला होता. त्याची एक कड सुटली होती आणि खालून पिवळा रंग दिसत होता. त्यांनी ती कड नखाने उचलली. ताईने उरलेला कागद ओढला.

खाली गाडी बनवणाऱ्यांनी लावलेली पिवळी पट्टी होती. त्यावर घड्याळाचं चित्र, आणि वाक्य एकच: चावी काढल्यानंतर दोन मिनिटं थांबून मगच मेन स्विच बंद करा.

मिस्त्री हळूच म्हणाले, "आपल्याच हाताने झाकलं की गं आपण."

आता मामांना पटवायचं होतं. त्या संध्याकाळी गाडी गेटात वळली, मामा पायरीजवळ आले, आणि ताईने चावी काढून खाली उतरून स्विचवर आपला हात ठेवला.

"मामा, दोन मिनिटं."

"आग दोन मिनिटं थांबत नाही, ताई."

मामांचे ते हात समोर होते. तिने पट्टी दाखवली. मामांनी अक्षर अक्षर लावून वाचली, मग चित्रातल्या घड्याळाकडे बघितलं.

"मी इथेच उभी राहते," ती म्हणाली. "तुमच्या शेजारी. वाळूची बादली पायाशी ठेवू. काही धुरकटलं तर तुमच्या आधी माझा हात जाईल. पण ह्याला दोन मिनिटं द्या."

मामा गेले आणि बादली घेऊन आले. दोघं उभे राहिले. मामा घड्याळ बघत होते. केबिनमध्ये काळी डबी लिहीत होती. कितीतरी महिन्यांनी तिने पहिलं अक्षर लिहिलं, दुसरं लिहिलं, शेवटपर्यंत लिहिलं. मग मामांनी स्विच बंद केला, आणि रजिस्टरमध्ये दोन वेगळ्या वेळा लिहिल्या. दोन मिनिटांचा फरक. चौथा रकाना कोरा.

सलग आठ दिवस असं झालं. आठही सकाळी मी तसा चाललो, जसा कधीकाळी चालायचो. पहिल्या सकाळी चढ ओलांडल्यावर ताईने वहीत 'चांगली' असं लिहिलं. आठ दिवसांत एक तावा तडकला नाही. माझी खात्री झाली होती की आता सुटलो. लोखंड असून मी इतका भोळा.

नवव्या दिवशी ती वही घेऊन साहेबांकडे गेली, सोबत मिस्त्री. साहेब गाडीजवळच आले होते. वरून नवा गिअरबॉक्स मंजूर होऊन आला होता, त्याची पेटी उतरवून घ्यायची होती.

"साहेब, गाडी सुधारली," मिस्त्री म्हणाले. "नवा बॉक्स नको."

"कशाने सुधारली?"

"थांबल्याने."

"थांबल्याने गाडी सुधारली असं वर लिहू?"

ताईने पट्टी दाखवली. साहेबांनी पट्टी वाचली. माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे होतं. त्यांना कळलं. हे मी ठामपणे सांगतो, कारण नंतर कुणी म्हणेल की त्यांना समजलंच नाही. त्यांना पूर्ण समजलं. मग त्यांची नजर पट्टीवरून त्या फाटलेल्या कागदावर गेली, त्याच्या तळाशी त्यांची सही होती. दोन नोंदी वर गेल्या होत्या, त्यावरही सही होती. पेटी समोर उतरत होती, तिच्या पत्रावरही.

त्यांनी मामांना हाक मारली. "रजिस्टर आणा."

मामांनी आणलं. साहेबांनी बोट फिरवलं. "हे काय? आठ दिवस स्विच उशिरा बंद झालाय."

"होय साहेब. दोन मिनिटं."

"कारण?"

मामा ताईकडे वळले.

"कारणाचा रकाना कोरा आहे. म्हणजे विनाकारण."

"कारण मी सांगतेय ना," ताई म्हणाली. "ही वही बघा."

"ही तुमची वही आहे बाई. हे कारखान्याचं रजिस्टर आहे." त्यांनी रजिस्टर मिटलं. "आवारात आधी आग लागलेली आहे. माणूस भाजलेला आहे. तो माणूस इथे उभा आहे. आणि तुम्ही आठ दिवस नियम मोडलात."

तिसरी नोंद झाली. टोपण लागलं.

साहेब गेल्यावर मामा तिथेच राहिले. रजिस्टर छातीशी धरलेलं. "ताई, मी खरं तेच लिहिलं गं."

"खरंच लिहायचं असतं मामा."

"एकच वेळ लिहिली असती तर..."

"तर मग तुम्ही कसले मामा?" ती म्हणाली. तिने वही बाहेर काढून घेतली, सीट मागे होती तशी ढकलली आणि पायरीवरून उतरली. उतरताना तिने दांड्यावर तळवा ठेवला, फक्त एकदा. मी त्या वेळी बंद होतो. झटकासुद्धा देऊ शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मला सोडवलं. एकेक बोल्ट काढताना ते मला शिव्या देत नव्हते, त्यांचा रोख दुसरीकडे होता. माझ्या जागी नवा बसला. त्यांनी नवीन ड्रायव्हरला सांगितलं, दोन मिनिटं थांबत जा. तो म्हणाला, "आणि नोंद कुणाच्या नावावर होईल?" त्याचंही बरोबर होतं. नियमाचा नवा कागद आला, आधीपेक्षा मोठा, पिवळ्या पट्टीवर चारी कडांनी घट्ट.

नवा गिअरबॉक्स कोरा होता, त्यामुळे डबीचं कोरं गणित त्याला काही दिवस चाललं. आता चकत्या बसायला लागल्यात, झिजायला लागल्यात. परवा सकाळी गेटाबाहेरच्या चढावर मी तो आवाज ऐकला. पहिला हंबरडा. शेडमधून मला ओरडून सांगावंसं वाटलं, की बाळा, तुझं काही चुकलेलं नाही. पण तोंड म्हणावं असं एकच भोक, आणि त्यात बनियनचा बोळा आहे.

काल नव्या ड्रायव्हरच्या नावावर पहिली नोंद झाली.

आज संध्याकाळी मात्र एक गोष्ट घडली, आणि तीच सांगायला मी एवढा जीव धरून होतो. ट्रक आत आला. पॅकिंगची सुट्टी झाली होती, बायका गेटकडे निघाल्या होत्या. ड्रायव्हर चावी काढून निघून गेला. मामांचा हात स्विचवर गेला आणि तिथेच थांबला. ताई गेटातून बाहेर पडता पडता उभी राहिली. दोघं एकमेकांकडे बघत होते, मधे अख्खं आवार. मग मामांनी हात खाली घेतला आणि वाळूची बादली पायाशी ओढली.

दोन मिनिटं झाली. स्विच बंद केला. रजिस्टर उघडलं, दोन वेळा लिहिल्या, आणि पेन चौथ्या रकान्यावर आलं.

"ताई, इथे काय लिहायचं, सांग जरा."

ती परत आत आली. तिच्या हातांवर आजच्या ताज्या दोन रेघा होत्या. तिने सांगितलं आणि मामांनी आखडलेल्या बोटांनी लिहून घेतलं, एकेक शब्द मोठ्याने उच्चारत. गाडी दिवसभरात शिकलेलं लिहून ठेवते. त्याला दोन मिनिटं लागतात. पट्टी कागदाखाली आहे. मी स्वतः थांबलो. खाली त्यांनी सही केली. त्या रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात पडलेली ती पहिली अक्षरं.

उद्या सकाळी साहेब ते पान बघतील. मामांचं काय होईल ते मला दिसतंय, मामांनाही दिसत असावं. मला भट्टीला नेणारी गाडी त्याआधीच निघालेली असेल. दुपारपर्यंत मी लाल होईन, मग पाणी होईन, मग एखादी पहार किंवा नळाचा वाकडा तुकडा. मला वाचवा असं मी म्हणत नाही, ती वेळ निघून गेली.

माझं मागणं लहान आहे. रजिस्टर गेटवर डाव्या हाताला, खिळ्याला अडकवलेलं असतं. पान फाटायच्या आत कुणीतरी जा, आणि चौथा रकाना वाचा.